हिवाळ्यात बॉल पायथनच्या पेटीत तापमान आणि आर्द्रता किती असावी?

तुम्ही शिकागोत राहता, पेटीतला मापक ६० टक्के आर्द्रता दाखवतो, आणि तरीही डिसेंबरपासून तुमच्या बॉल पायथनची (छोट्या जातीच्या पाळीव अजगराची) कात तुकड्यातुकड्यांनी निघते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मीही अशाच थंड प्रदेशात या जातीची एक मादी पाळली आहे आणि पहिल्या हिवाळ्यात नेमकी हीच अडचण मला आली होती.

तो मापक पेटीच्या कोणत्या टोकाला लावला आहे, हे आधी पाहा, कारण आर्द्रतेचा आकडा तापमानाशिवाय वाचताच येत नाही. थंड टोकाला २५ अंश सेल्सियसवर ६० टक्के आर्द्रता असलेली हवा उबदार टोकाला ३२ अंशांपर्यंत तापली, की तिच्यातले बाष्प तेवढेच राहूनही तो आकडा ४० टक्क्यांवर उतरतो. शिवाय बाहेरची शून्य अंशाची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवासुद्धा घरात २२ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता जेमतेम २३ टक्के उरते. म्हणून दोन्ही टोकांना प्रोब (तारेच्या टोकाचा संवेदक) असलेले डिजिटल मापक लावा. चिकटवायच्या काट्याच्या मापकांवर माझा विश्वास नाही.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला असून दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. पेटीतही त्याला तसाच आडोसा हवा. उबदार टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७ अंश आणि रात्रीही २४ च्या खाली नाही, एवढे सांभाळा. खाल्ल्यानंतर ऊब कमी पडली, तर पचन मंदावते आणि साप भक्ष्य उलटून टाकू शकतो. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नका, पोटाची कातडी भाजते.

आर्द्रता एरवी ५५ ते ६५ टक्के आणि डोळे निळसर, धुरकट दिसू लागले, म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आली, की ७० टक्क्यांच्या आसपास असावी. माझ्याकडे जाळीच्या झाकणाचा बराच भाग झाकणे, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) सात-आठ सेंटिमीटर थर घालून त्याच्या कोपऱ्यांत पाणी ओतणे आणि उबदार बाजूच्या आडोशात ओलसर मॉस (शेवाळ) ठेवणे, या तीन गोष्टींनी फरक पडला. वरून सतत फवारत राहण्याने मात्र पृष्ठभाग चिंब राहतो, हवा लवकरच पुन्हा कोरडी होते आणि पोटाचे खवले कुजू लागतात. नाकातून बुडबुडे येत असतील किंवा साप तोंड उघडून श्वास घेत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच जा.

डोळ्यावर कातीची चकती राहिली असेल तर ती चिमट्याने ओढू नका. माझ्या मादीची चकती पुढच्या कातीबरोबर आपोआप निघाली. शेपटीचे टोक मात्र आजच तपासा, कारण तिथे अडकलेले कातीचे कडे आवळत गेले, की रक्तपुरवठा तुटून ते टोक गळून पडते.