नवी मुंबईत खारकोपर, बामणडोंगरीला स्टेशनच्या दारातच सिडको घरं का बांधते? ती जमीन रेल्वेची नाही का?

नाही, ती जमीन रेल्वेची नाही, सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या ताब्यातली आहे. आणि स्टेशनलगत जास्त मजले चढवायचे हे मुद्दाम ठरवलेलं धोरण आहे. १९७० साली राज्य सरकारने सिडको स्थापन केली, गावांची जमीन संपादित करून तिच्याकडे दिली. पुढे नवी मुंबईतले रेल्वेमार्ग टाकताना खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. म्हणून इथे रूळ आणि आजूबाजूचे भूखंड यांचं नियोजन एकाच हातात राहिलं. वाशी, बेलापूरला स्टेशनच्या डोक्यावरच ऑफिसं उभी दिसतात, ती याच जुळणीतून. मुंबईत हे सहसा जमत नाही, कारण तिथे स्टेशनभोवतीची जमीन शंभर मालकांत वाटलेली. सिडकोला जमीन नव्याने विकत घ्यावी लागत नाही, त्यामुळे स्टेशनलगत पंतप्रधान आवास योजनेतली लहान घरं बसवता येतात. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने स्टेशनपासून लांब का राहावं, असा साधा हिशोब.

फक्त एक ध्यानात घ्या: स्टेशन जवळ म्हणजे लोकल हाताशी, असं नव्हे. ही दोन्ही स्टेशनं ज्या उरण मार्गावर आहेत, तिथली गाडी हार्बर मार्गासारखी दर काही मिनिटांनी येत नाही. तेव्हा घरासाठी अर्ज भरण्याआधी तुमच्या कामाच्या वेळेतलं वेळापत्रक बघा, आणि रात्रीची शेवटची गाडी तर नक्कीच.