वाचक विचारतात : काँक्रीटच्या भिंतीतला उजेड

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावी छोटं प्रार्थनाघर बांधायचंय. जपानी वास्तुविशारद ताडाओ आंडो यांच्या जपानमधल्या चर्चसारखी वेदीमागच्या भिंतीत क्रूसाची फट हवी, असा विचार आहे. फट किती रुंद, कुठल्या दिशेला? आणि पावसाचं काय?

उत्तर : ओसाकाजवळ इबाराकीतलं ते चर्च १९८९चं. सभागृह ५.९ मीटर रुंद, तितकंच उंच आणि १७.७ मीटर लांब, भिंती ३८ सेंटिमीटर जाड. सगळे फटीची रुंदी विचारतात, पण ऊन आत किती वेळ राहणार हे रुंदी आणि जाडी मिळून ठरवतात.

तुम्ही फट पूर्वेला ठेवा. इबाराकीत डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ३२ अंशांवर असतो, बेळगावात ५१वर. शिवाय मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या फटीतून इथे हाती फारसं लागत नाही.

भिंत २० आणि फट १० सेंटिमीटर धरा. क्रूसाच्या आडव्या हातातून सूर्य २७ अंश चढेपर्यंतच थेट ऊन येतं; मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र समान असताना सूर्योदयानंतर जेमतेम पावणेदोन तास. उभी फट त्या दिवसांत दहा-साडेदहापर्यंत चालते. अडचण नाताळात येते. तेव्हा सूर्य पूर्वेच्या २४ अंश दक्षिणेला उगवतो आणि अर्ध्या तासात उभ्या फटीच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून तिची उत्तरेकडची कड आतल्या बाजूला ४५ अंशांत उघडत न्या. हा उतार शटरिंगमध्येच (काँक्रीट ओतायच्या साच्यातच) घ्यावा, नंतर फोडून नव्हे. मग नाताळच्या सकाळी पावणेदहापर्यंत ऊन मिळेल.

क्रूस या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला की भिंतीचे चार सुटे तुकडे होतात. वरचे दोन छपराने आणि बाजूच्या भिंतींनीच धरायचे असतात. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. फट कडांआधी थांबवली, तर हातांच्या टोकांच्या आठही कोपऱ्यांत तिरक्या सळया टाका, नाहीतर तडे तिथूनच सुरू होतात. सळयांवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, किमान ३० मिलिमीटर. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू नका, खडी वेगळी पडून भिंतीत पोकळ्या राहतात. उघड्या काँक्रीटमध्ये त्या गिलाव्याखाली लपवता येत नाहीत. सिमेंट एकाच कंपनीचं, एकाच लॉटचं घ्या, नाहीतर भिंतीवर रंगाचे पट्टे दिसतील.

पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळे पूर्वेची भिंत त्यातल्या त्यात वाचते. तरी आडव्या हाताच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार हवा, वरच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच हवी. फटीत काच नको, अशी आंडोंचीही इच्छा होती, पण तिथेही काच बसवावी लागली. खानापूरच्या पावसात ती अपरिहार्य. बाहेरच्या कडेला टफन्ड काच बसवा.

आणि कृपा करून आत पांढरा रंग देऊ नका, मोठ्या खिडक्या काढू नका. क्रूस दिसतो तो भोवतीच्या अंधारामुळे. आंडोंनी जमीन आणि बाकं बांधकामाच्या परांचीच्या फळ्यांची, गडद ठेवली. हवेसाठी बाजूच्या भिंतींत जमिनीलगत झरोके पुरतील.

प्रश्न : बेळगावातल्या आमच्या जुन्या चिऱ्यांच्या भिंतीत असा क्रूस कोरता येईल का?

उत्तर : आडवा हात नको, त्यावरचे चिरे निराधार होतात. एक अरुंद उभी फट काढता येईल. आधी टेकू देऊन वर लिंटल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) बसवा, दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटिमीटर टेकलेली, आणि ती पक्की झाल्यावरच खालचे चिरे काढा.