वाचकांचे प्रश्न : एका नदीचे दोन नकाशे

प्रश्न : सिन्नर तालुक्यात देवनदीकाठच्या आम्ही पाच ग्रामपंचायती मिळून उपग्रहाच्या चित्रांवरून पाणी आणि पिकांचा एकच नकाशा करणार आहोत. पाटाची पाळी किती दिवसांची, टँकर कधी मागायचा, हे त्यावर ठरेल. पण दोन गावांनी करून पाहिलेले नकाशे जुळत नाहीत. चुकतंय कुठे?
– एक सरपंच

उत्तर : आधी वजाबाकी तपासा. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं वापरत असाल, तर सूत्र सोपं आहे. बँड म्हणजे एकेका प्रकारच्या प्रकाशाचं वेगळं चित्र : बँड 3 हिरव्या प्रकाशाचं, बँड 8 डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचं. बँड 3 मधून बँड 8 वजा करायचा, दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर शून्याच्या वर गेलं की साधारणपणे पाणी. गोची अशी, की जानेवारी 2022 पासूनच्या फाइलींत प्रत्येक आकड्यात 1000 ची भर घातलेली असते. समजा पाण्यावर बँड 3 मध्ये 1200 आणि बँड 8 मध्ये 1100 दिसले. भर काढली तर उत्तर 0.33, राहिली तर 0.04. पाण्यासाठी 0.1 ही मर्यादा धरणाऱ्या गावाचा भरलेला तलाव मग नकाशात कोरडा! नव्याने प्रक्रिया केलेल्या जुन्या चित्रांतही ही भर येते, म्हणून साल बघू नका, फाइलसोबतची माहिती वाचा.

दुसरं कारण तारखेचं. ऑक्टोबरअखेर, जानेवारीचा मध्य आणि मार्चअखेर, अशी तीन चित्रं पाचही गावांनी एकाच दिवसाची घ्यावीत. जानेवारीत सकाळी अकराच्या सुमाराच्या चित्रात पट्टा-औंढ्याच्या डोंगरांची सावली पाणी म्हणून उमटते. ती हाताने पुसावी लागते.

शेततळी या चित्रांवरून मोजू नका. चित्र 10 मीटरच्या चौकोनांचं बनलेलं असतं. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात असे चौकोन मोजून नऊ, आणि काठावरचे निम्मे जमिनीचे. निखळ पाण्याचे कधी कधी चारच उरतात. बंधाऱ्यांमागचा अरुंद फुगवटाही असाच निसटतो.

तलावाचं क्षेत्रफळ बरोबर आलं तरी खोली कळत नाही, आणि गाळामुळे जुना हिशेब चालत नाही. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर, दहा हजारांचे दहा टँकर. तेव्हा प्रत्येक तलावात मोजपट्टी रोवा आणि चित्राच्या दिवशीच तिचा आकडा टिपा.

पिकांच्या बाबतीत एका चित्रावर अजिबात विसंबू नका. छाटणीनंतरची द्राक्षबाग ऑक्टोबरात पडीक रानासारखी दिसते, डिसेंबरात हिरवीगार. कांद्याची पात उभी आणि विरळ, मधली माती डोकावते. त्यामुळे चांगलं पीकही चित्रात फिकं येतं.

हिशेब एकाच माणसाने करावा, पण नकाशावरचे ठिपके जागेवर जाऊन तपासायचं काम वाटून घ्या, आणि वरच्या गावाचे ठिपके खालच्या गावाने तपासावेत. पन्नासेक ठिपके आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून निवडा. मोबाइलचं लोकेशन पाच-दहा मीटर सरकतं, तेवढ्यात चौकोन बदलतो. चौकोनाच्या काठावर येणारे ठिपके वगळून नव्याने काढा.