मूलभूत हक्क डावलला गेला तर कोल्हापूरच्या माणसाला दिल्लीलाच जावं लागतं का?

नाही, कोल्हापुरातच दाद मागता येते. संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे हक्क राखण्यासाठी न्यायालयाचा आदेश मागणारा अर्ज, करता येते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, इथंच सुरू झालंय. सांगली, साताऱ्यापासून सिंधुदुर्गपर्यंतच्या लोकांचीही मुंबईची खेप वाचली. कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, तो स्वतःच मूलभूत हक्क आहे. बाबासाहेबांनी त्याला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. पण ते दार फक्त मूलभूत हक्कांपुरतं. २२६ ची कक्षा मोठी, इतर कायदेशीर हक्कांसाठीही तो मार्ग खुला आहे. वकील म्हणून मी आधी तोच सुचवतो. मात्र रिट बहुधा सरकार, महापालिका अशांविरुद्धच चालते. शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जावं लागेल.