प्रांत: राज्य, जिल्हा की माणूस?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: 'पणजोबांच्या कागदावर "सुभा कचेरी, प्रांत नवसारी" असं आहे. प्रांत म्हणजे राज्य ना? मग नवसारी राज्य होतं? आणि पुण्याचा मामेभाऊ "प्रांत आज रजेवर आहेत" म्हणतो, ते काय?'

ताई, कागद, तुम्ही आणि मामेभाऊ, तिघंही बरोबर.

गायकवाडीत, म्हणजे बडोदे संस्थानात, प्रांत म्हणजे साधारण आजचा जिल्हा. बडोदे, नवसारी, अमरेली आणि कडी (पुढे त्याचाच मेहसाणा झाला) हे मुख्य प्रांत. प्रांतावर सुभा, त्याच्या हाताखाली महालावर, म्हणजे तालुक्यावर, वहिवाटदार. म्हणजे पणजोबा आजच्या भाषेत कलेक्टर कचेरीत होते.

इथे सुभा हा माणूस आहे, हे ध्यानात घ्या. अकबराने १५८० मध्ये राज्याचे १२ सुभे पाडले, ते मुलूख होते. त्यांवरचा माणूस सुभेदार. बडोद्यात शेपटीचा 'दार' गळाला आणि मुलखाचं नाव अंमलदाराला चिकटलं. पुण्यात प्रांताचं तेच झालं. प्रांताधिकाऱ्यातला 'अधिकारी' बोलण्यात गेला, उरले प्रांतसाहेब, म्हणजे काही तालुक्यांवरचे उपविभागीय अधिकारी. गुजरातीतही 'प्रांत अधिकारी' म्हणतात, पण नुसतं 'प्रांत रजेवर' हे मी तरी मराठीतच ऐकलंय.

राहिला तुमचा अर्थ. तो इंग्रजी अमलातला: मध्य प्रांत, संयुक्त प्रांत. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि या प्रांतांची राज्यं झाली. तरी १९५६ च्या पुनर्रचनेला आपण अजून 'भाषावार प्रांतरचना'च म्हणतो; 'राज्यरचना' काही जिभेवर बसली नाही. संस्कृतात तर प्रांत म्हणजे मुळात कड, शेवट!

जाता जाता वहिवाटदाराबद्दल, कारण त्यात आपल्या बडोदेकरांचीच गंमत आहे. मराठीत वहिवाट म्हणजे वापर, ताबा. शेतातून जायच्या रस्त्याची वहिवाट, त्यावरून भाऊबंदांत दावे. गुजरातीत वहीवट म्हणजे थेट कारभार, आणि नगरपालिका बरखास्त झाली की तिथे आजही वहीवटदार नेमतात. महाराष्ट्रातला माणूस हा शब्द वाचून जमिनीचा तंटा शोधायला लागतो. तेव्हा तुमच्या कागदाखाली वहिवाटदाराची सही निघाली, तर ती मामलेदाराची समजा, बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याची नव्हे.