वाचकांचे प्रश्न : गिरणीमालकांचे दान आणि कामगारांची मजुरी

प्रश्न : मुंबईच्या गिरणीमालकांनी रुग्णालये, शाळा, धर्मशाळा यांना सढळ हाताने देणग्या दिल्या आणि त्यांच्या नावांच्या पाट्या परळ-दादर भागात आजही दिसतात. मग कामगारांना आठवड्याची एक सुट्टी देण्यास, त्यांची मजुरी थोडी वाढविण्यास याच मंडळींनी एवढा विरोध का केला? ते मनाने निष्ठुर होते, असे समजायचे का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : निष्ठुरपणाचे उत्तर सोपे आहे, पण ते पुरे पडत नाही. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली सुरू झाले आणि गिरणगावातील कितीतरी मुलांचा जन्म तेथे झाला. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र दान करणारा मालक आणि मजुरी देणारा मालक एकच असला, तरी या दोन व्यवहारांत तो कामगाराकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. दान किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कधी थांबवायचे हे देणाराच ठरवतो. मजुरीच्या बाबतीत समोरच्याचा हक्क मान्य करावा लागतो, आणि एकदा हक्क मान्य केला की नफ्याचा हिशेब त्याच्यापुढे मांडणे भाग पडते. मालकांचा खरा विरोध या दुसऱ्या गोष्टीला होता, असे माझे मत आहे.

कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा घेतली आणि कारखान्यांतील कामाच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी जो अर्ज तयार केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशा त्या मागण्या होत्या. या यादीत पगारवाढ नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कामगार कमावलेलाच पगार वेळेवर मागत होते. यावर मालकांचे म्हणणे असे की, कामगार दिवसभरात मनाला येईल तेव्हा बाहेर जाऊन विडी ओढतात, गावी निघून जातात, त्यांना कायद्याच्या संरक्षणाची गरज नाही. आणि असे कायदे व्हावेत म्हणून जोर लावणारे इंग्लंडमधील लँकेशायरचे प्रतिस्पर्धी कापड कारखानदार मुंबईचा धंदा बुडवू पाहत आहेत. लँकेशायरचा स्वार्थ खरा होता, आणि तेवढ्यापुरते मालकांचे म्हणणे रास्त होते. पण लँकेशायरचा हेतू काहीही असला, तरी दिवसाचे बारा-तेरा तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या बाईचे पाय त्यामुळे दुखायचे थांबत नव्हते. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीमुळे गिरण्या बुडाल्या नाहीत.

स्वभावापेक्षा व्यवस्था अधिक जबाबदार होती, हेही सांगितले पाहिजे. गिरणीचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटांना सुरुवातीच्या काळात नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर दलाली मिळे, पौंडामागे पाव आणा हा तिचा रूढ दर होता. भागधारकांना लाभांश मिळो न मिळो, सूत जितके जास्त निघेल तितकी एजंटांची कमाई वाढे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले, तेव्हा कामाचा दिवस रात्रीपर्यंत लांबला आणि १९०५ मध्ये त्यावरून कामगारांचा असंतोष उफाळला.

आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र १९२४ च्या बोनसच्या वादात सापडतो. पहिल्या महायुद्धाच्या तेजीनंतर मालकांनी काही वर्षे सलग बोनस दिला, कामगार तो वर्षाच्या कमाईचाच भाग मानू लागले, आणि मंदी येताच मालकांनी तो बंद केला. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला की, बोनसवर कामगारांचा कोणताही अंमलात आणण्याजोगा हक्क नाही. म्हणजे इतकी वर्षे मिळालेले पैसे ही मालकांची खुशी ठरली. पुढच्याच वर्षी मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, त्यावर सुमारे अडीच महिने संप चालला, आणि सरकारने कापडावरील साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर स्थगित करताच कपात मागे घेण्यात आली. कराचा बोजा हटवण्यासाठी कामगारांच्या पोटाला चिमटा बसला, हे मला अत्यंत अन्याय्य वाटते.

वेगळी वाट धरणारेही होते. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि तेथे हवेशीर जागा, भविष्यनिर्वाह निधी यांची सोय कायद्याची वाट न पाहता झाली. त्यांच्या पश्चात जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस आला. तरीही त्याच जमशेदपुरात १९२० च्या दशकात मजुरीवरून मोठे संप झाले, कारण सोयीसवलती मिळाल्या तरी आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार कामगारांना हवाच होता.

प्रश्न : १९८२ च्या संपामुळेच गिरण्या बंद पडल्या, असे आमच्या कुटुंबातही म्हटले जाते. कामगारांनी मागणी कमी ठेवली असती, तर गिरण्या वाचल्या असत्या का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : मला तसे वाटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पण त्याआधीच अनेक गिरण्यांतील यंत्रे जुनाट झाली होती आणि विणकामाचा मोठा भाग भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळला होता. यंत्रमागावरील मजुरांना ना ठराविक तास होते, ना भविष्यनिर्वाह निधी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता एकाच संघटनेला होती आणि ती सामंतांची नव्हती, त्यामुळे ज्या नेत्यामागे कामगार उभे होते त्याच्याशी बोलण्यास मालक आणि सरकार दोघांनीही नकार दिला. संपाने बंद पडण्याची गती वाढली, हे खरे आहे. परंतु १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याचा मार्ग खुला केल्यावर त्या जमिनीचे मोल कापडापेक्षा कितीतरी अधिक ठरले, आणि कोणत्याही पगाराच्या मागणीने ते बदलले नसते. त्या नियमानुसार जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सार्वजनिक जागेसाठी आणि तेवढाच घरांसाठी जायचा होता; २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. आपल्या कुटुंबातील कोणी गिरणीत असतील, तर म्हाडाकडील घराचा अर्ज आणि नोकरीचे पुरावे जपून ठेवावेत, कारण अजूनही अनेकांना घर मिळालेले नाही.