परदेशात राहून रक्तदान, अवयवदान, देहदान करता येतं का? पुण्यात भरलेला देहदानाचा फॉर्म इंग्लंडमध्ये चालतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात असताना दोघांनी देहदानाचे फॉर्म भरले होते, आता दोन वर्षं इंग्लंडमध्ये आहात, तर त्या फॉर्मचं काय करायचं आणि इथे रक्तदान-अवयवदान करायचं तर कसं. मी २००९ पासून लेस्टरला राहते, मूळची सांगलीची. या तिन्हीशी माझा संबंध आला आहे आणि त्यातल्या एका बाबतीत मी चुकले आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

रक्तदान सगळ्यात सोपं. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ॲपवर किंवा फोनवर वेळ घ्यायची आणि जायचं. नागरिकत्व लागत नाही. बोटातून थेंब काढतात, साधारण ४७० मिली रक्त घेतात, मग सरबत आणि बिस्किटं. पुरुषांना १२ आठवड्यांनी पुन्हा देता येतं, बायकांना १६ आठवड्यांनी. आपल्याला आडवा येतो तो मलेरिया. मी पहिल्यांदा गेले ती गणपतीला सांगलीला जाऊन आल्यावर तीन आठवड्यांनी, आणि मला परत पाठवलं. मलेरियाच्या भागातून परतल्यावर चार महिने थांबावं लागतं. शिवाय ज्यांचं आयुष्य भारतात गेलंय त्यांच्या रक्ताची मलेरियाच्या प्रतिपिंडांसाठी वेगळी तपासणी होते, म्हणून पहिल्या वेळी हे न विचारता सांगून टाका. तुम्ही वर्षातून दोनदा घरी जात असाल तर तारखा जुळवणं अवघड होतं. मी आता विमानाचं तिकीट काढलं की लगेच निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीची रक्तदानाची वेळ घेऊन टाकते. आणखी एक, १९८० नंतर कधी तुम्हाला रक्त चढवलं गेलं असेल तर इथे तुमचं रक्त घेत नाहीत. बाळंतपणात रक्त चढवलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना हे इथे आल्यावरच कळलं.

एवढी खटपट करावी का, असं वाटेल. माझा गट बी पॉझिटिव्ह. आपल्याकडे हा घरोघरी सापडतो, इथे मात्र शंभर दात्यांत जेमतेम आठ. आणि मुंबईच्या नावाचा जो रक्तगट आहे, १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला, त्या माणसांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त त्याच गटाचं चालतं. असे लोक आपल्या उपखंडात जास्त आहेत, युरोपात फारच थोडे. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत जगभरच्या दुर्मीळ दात्यांची यादी ठेवली जाते. तुमच्या घराण्यात कोणाचा हा गट निघाला असेल तर इथल्या रक्तपेढीला आवर्जून कळवा.

अवयवदानाचा कायदा इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून बदलला. मॅक्स आणि किरा या दोन मुलांच्या नावाने तो ओळखला जातो. किराचं हृदय मॅक्सला बसवलं होतं. आता प्रौढ माणसाने ‘नाही’ म्हणून ठेवलं नसेल तर त्याचा होकार धरला जातो. (वेल्समध्ये हे २०१५ पासूनच आहे, स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून.) यातून वगळलेले लोक मात्र लक्षात ठेवा: अठराच्या खालचे, आणि इथे राहायला येऊन बारा महिने झाले नाहीत असे. पाहुणे म्हणून आलेले आईवडीलही यात धरले जात नाहीत. त्यांच्या बाबतीत निर्णय घरच्यांवरच येतो. तुम्हाला दोन वर्षं झाली, म्हणजे तुमचा होकार गृहीत आहे. तरीही एनएचएसच्या अवयवदात्यांच्या यादीत नोंद कराच, कारण डॉक्टर घरच्यांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि घरचे गोंधळले तर काम तिथेच थांबतं. कोणते अवयव द्यायचे ते निवडता येतं, धर्माबद्दल कोणाशी बोलून घ्यायचं असेल तर तेही लिहिता येतं. अवयव देता येतील अशा परिस्थितीत शंभरातल्या एखाद्याच माणसाचा मृत्यू होतो. किडनीच्या प्रतीक्षायादीत आपल्या उपखंडातल्या वंशाचे रुग्ण लोकसंख्येच्या मानाने जास्त आणि दाते कमी, त्यामुळे आपल्या माणसांनी नोंद करण्याला इथे फार अर्थ आहे.

देहदान मात्र वेगळं. तिथे गृहीत काहीच नसतं. स्वतः लिहून, साक्षीदाराच्या सहीने होकार द्यावा लागतो. मेल्यानंतर मुलाने किंवा बायकोने ‘त्यांची इच्छा होती’ म्हणून देता येत नाही. प्रत्येक मेडिकल स्कूलचा स्वतःचा फॉर्म असतो आणि साधारणपणे ती आपल्या आसपासच्या भागातलेच देह घेतात. ह्यूमन टिश्यू ऑथॉरिटी या देहदानावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की तुमचं स्कूल कळतं. पोस्टमॉर्टेम झालं असेल, काही संसर्ग असेल किंवा अवयव काढले गेले असतील तर बहुतेक वेळा नकार येतो; डोळे दिले असले तर चालतं. दोन्हीकडे नोंद करायला हरकत नाही, वेळ आल्यावर अवयव आधी. नकार आला तर अंत्यविधी आपल्यालाच करायचा आहे, तेवढी तयारी घरात ठेवा.

म्हणजे तुमचा पुण्याचा फॉर्म हा पुण्याच्या कॉलेजशी झालेला शब्द. इंग्लंडमध्ये मरण आलं तर इथला फॉर्म लागेल. सुट्टीत पुण्यात आलं तर तिथला उपयोगी पडेल. माझं म्हणणं, दोन्ही भरलेले ठेवा. भारतात अवयवदानाची प्रतिज्ञा नोट्टो या केंद्र सरकारच्या अवयवदान संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने करता येते. पण भारतात फॉर्म असला तरी शेवटचा शब्द जवळच्या नातेवाइकांचाच ठरतो. मी चुकले ते इथे.

माझ्या बाबांनी देहदानाचा फॉर्म भरलेला होता. नेत्रदानाचाही. २०१६ च्या जानेवारीत पहाटे दादाचा फोन आला, बाबा झोपेतच गेले. मी पहिलं वाक्य बोलले ते, ‘मी येतेय, तोवर काही करू नका.’ दादा म्हणाला, डोळ्यांना सहा तासांच्या आत माणसं यायला हवीत, त्यांना फोन केलाय. पंखा बंद करून डोळ्यांवर ओला कापूस ठेवलाय, उशी उंच केलीय. डोळ्यांना मी हो म्हटलं. मग त्याने देहदानाचं सांगितलं, आणि मी रडत-भांडत नाही म्हणाले. लेस्टरहून सांगलीला पोचायला मला दीड दिवस तरी लागणार होता. मला त्यांना बघायचं होतं, आणि बघायला मिळणार नसेल तर निदान अग्नी तरी दिला जावा असं वाटत होतं. आत्या मागून विचारत होती, अस्थी नाहीत तर कृष्णेत सोडायचं काय? त्या क्षणी मला तिचं बरोबर वाटलं.

तासभर आम्ही फोनवर होतो. दादा एकदाही चिडला नाही. शेवटी म्हणाला, ‘तुला त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण तू लांब आहेस, तुला त्रास होईल म्हणून. ते मला म्हणाले होते, तिला मी गेल्यावर समजावशील.’ मी गप्प झाले. नंतर फक्त ‘बरं’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कॉलेजात नेलं. मी पोचले तेव्हा त्यांच्या खोलीतली कॉट भिंतीला उभी करून ठेवली होती. आई मला म्हणाली, बघायला हवं होतंस गं. आणि पुढच्याच क्षणाला, असू दे, त्यांना हेच हवं होतं. अस्थिकलशाच्या जागी आमच्याकडे कॉलेजचं एक पत्र आहे.

नंतर मी कितीतरी जणांकडून ऐकलं की देहदान अडतं ते बऱ्याचदा बाहेरगावच्या, परदेशातल्या मुलामुळे. त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं, आणि त्याच्या हातात तेव्हा फोनवरून ‘थांबा’ म्हणणं एवढंच असतं. त्याचं दुःख खोटं नसतं. पण त्याच्या दुःखासाठी गेलेल्या माणसाचा शब्द मोडतो. आता तुम्ही उलट बाजूला आहात: परदेशात तुम्ही, आणि ज्यांना सांगायचं ते तिथे. इंग्लंडमध्ये तुमचं काही झालं तर पुण्याहून तुमची आई किंवा भाऊ फोनवर ‘घरी आणा’ म्हणतील, आणि इथे एकट्या पडलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला ते मोडवणार नाही.

मी २०१७ मध्ये इथल्या मेडिकल स्कूलचा फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकूंनी सही केली. सही करण्याआधी व्हिडिओ कॉल लावून आईला आणि दादाला फॉर्म वाचून दाखवला. आई तेव्हा खूप रडली. माझ्या नवऱ्याला देहदान नको आहे, त्याला अग्निसंस्कार हवेत, आणि तेही मी तितक्याच नीट लिहून ठेवलंय.

तुमच्या पुण्याच्या फॉर्मची प्रत सध्या कोणाकडे आहे, ते आधी बघा. बाबांची दादाच्या कपाटात, एलआयसीच्या फाइलमध्ये होती. तो पहाटे शोधत बसला नाही, कारण ती कुठे आहे ते बाबांनी त्याला दाखवून ठेवलं होतं.